कायद्याचे शिक्षण कोठे घ्यावे?



वसंत व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना साहित्य, इतिहास, संतवाङ्मय यांवरील व्याख्यानांची सवय असते. त्या मानाने आजचा माझा विषय अगदी व्यवहारातला आहे. परंतु हे दिवसच असे आहेत की, परीक्षा आटोपल्या आहेत, निकाल यावयाचे आहेत आणि घरोघर एकच खल चालू आहे: पुढे काय? ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी कायद्याच्या शिक्षणाचे नाव काढते, त्या घरात लगेच दुसरा प्रश्न निघतो: कॉलेज कोणते? अमरावती, अकोला, नागपूर, की पुणे-मुंबई? याच प्रश्नाचा आज आपण जरा सावकाशीने विचार करू.

कॉलेजची निवड करताना आपण सामान्यतः दोन माणसांचा विचार करतो. एक शिकणारा आणि दुसरा पैसे भरणारा. माझे म्हणणे असे की, या निवडीत एक तिसरा माणूसही गुंतलेला असतो आणि तो त्या वेळी बैठकीत हजर नसतो. तो म्हणजे उद्याचा पक्षकार. डोक्याला शेला गुंडाळून, पिशवीत सातबारा आणि जुनी खरेदीखते घेऊन तो आपल्या मुलाच्या टेबलासमोर येऊन बसणार आहे. तुमच्या मुलाने कायदा नीट शिकला नाही, तर त्याचा खरा भुर्दंड मुलाला पडत नाही, या तिसऱ्या माणसाला पडतो.

ही नुसती अलंकारिक भाषा नव्हे, म्हणून एक उदाहरण देतो. वावराचा ताबा परत मिळविण्याचा दावा मुदतीच्या कायद्याप्रमाणे साधारणपणे बारा वर्षांच्या आत लावावा लागतो. जिल्हा न्यायालयात अपील करण्यास तीस दिवस मिळतात. अपिलाला उशीर झाला आणि त्याचे पुरेसे कारण दाखविता आले, तर न्यायालय तो उशीर माफ करू शकते. परंतु मूळ दाव्याचीच मुदत टळली, तर ती माफ करण्याचा अधिकार न्यायालयालाही नाही. हा भेद ज्याने वर्गात बसून एकदा समजून घेतला नाही, त्याच्या हातून एखाद्या कुटुंबाचे वावर कायमचे जाऊ शकते. शेतात जाण्याच्या वाटेचे दुसरे उदाहरण घ्या. धुऱ्यावरून जाण्याच्या हक्काचा निर्णय जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली तहसीलदाराला देता येतो. हे ज्याला ठाऊक नाही तो पक्षकाराला भलत्याच दारी पाठवितो आणि पेरणीचे दोन हंगाम निघून जातात.

आता थोडे मागे वळून पाहू. वऱ्हाडाला वकिलीची परंपरा मोठी आहे. १९१२ साली बांकीपूरच्या काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविणारे मुधोळकर हे अमरावतीचे वकील. दादासाहेब खापर्डे हेही अमरावतीचेच वकील. त्यांनी १८८४ साली एल्एल्.बी.ची पदवी घेतली. त्या काळी वऱ्हाडात कायद्याचे महाविद्यालय नव्हते. १८५५ साली स्थापन झालेले मुंबईचे सरकारी लॉ कॉलेज हेच आपल्या भाषेच्या मुलखातील मुख्य ठिकाण होते. पुढे पुण्यास १९२४ मध्ये इंडियन लॉ सोसायटीचे कॉलेज निघाले आणि १९२५ मध्ये नागपूर विद्यापीठाचे लॉ कॉलेज सुरू झाले. नागपूरच्या त्या संस्थेस आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. तेथे न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी तरुणपणी कायदा शिकविला. स्वतः बाबासाहेब १९३५ मध्ये मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले होते.

याच जिल्ह्यातील पापळ गावच्या शेतकरी घरातून पंजाबराव देशमुख इंग्लंडला गेले, बॅरिस्टर होऊन परतले आणि १९३२ साली त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. त्या संस्थेचे, त्यांच्याच नावाचे विधी महाविद्यालय आज अमरावतीत आहे. अकोल्यास अकोला लॉ कॉलेज आहे, यवतमाळला अमोलकचंद विधी महाविद्यालय आहे. ज्या शिक्षणासाठी खापर्ड्यांच्या पिढीला मुंबई गाठावी लागली, ते आज आपल्या मुलामुलींना एस.टी.च्या पासावर घेता येते. हा बदल लहान नाही.

आणि या तालुक्याने तर त्याचे फळ अगदी जवळून पाहिले आहे. दारापूर हे रा. सू. गवई यांचे जन्मगाव. ते विधान परिषदेचे सभापती झाले, बिहार आणि केरळ या राज्यांचे राज्यपाल झाले. त्यांचे चिरंजीव भूषण गवई यांनी वाणिज्य आणि कायदा या दोन्ही पदव्या अमरावती विद्यापीठाच्या घेतल्या, आणि १४ मे २०२५ रोजी ते भारताचे सरन्यायाधीश झाले. दर्यापूरच्या न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन जुलै २०२५ मध्ये त्यांच्याच हस्ते झाले. त्यांच्या अगोदर २०१९ ते २०२१ या काळात सरन्यायाधीश असलेले शरद बोबडे हे नागपूर विद्यापीठाचे पदवीधर.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, मग कोणतेही कॉलेज चालेल; शेवटी कर्तबगारी माणसाची. हा निष्कर्ष अर्धाच खरा आहे. गवई यांनी १९८५ च्या मार्चमध्ये वकिलीस आरंभ केला, तो बॅरिस्टर राजा भोसले यांच्या हाताखाली. भोसले हे महाराष्ट्राचे माजी महाधिवक्ता आणि उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश होते. म्हणजे पदवी अमरावतीची असली, तरी पदवीनंतरची शाळा फार मोठी होती. या हकीकतीतून घ्यावयाचा धडा एवढाच की, कायद्याचे शिक्षण दोन ठिकाणी होते. एक वर्गात आणि दुसरे न्यायालयात, ज्येष्ठ वकिलाच्या टेबलाशी. ज्या कॉलेजात राहून ही दोन्ही शिक्षणे साधतात ते आपल्यासाठी चांगले कॉलेज, अशी साधी व्याख्या मी करतो.

आपल्याकडे एक जुनी खोड आहे, तिचा येथे उल्लेख करावासा वाटतो. एके काळी एल्एल्.बी. हा पदवीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यास होता. वर्ग सकाळी किंवा संध्याकाळी भरत. नोकरी करता करता माणसे हजेरी लावीत आणि नावापुढे आणखी दोन अक्षरे जोडून घेत. त्यातून फार मोठे वकील निघाले हे खरे, परंतु 'काहीच जमले नाही तर लॉ करून ठेवू' ही वृत्तीही त्यातूनच रुजली. ती अजून गेलेली नाही. शिक्षणाची रचना मात्र बदलली आहे. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने कायद्याच्या शिक्षणाची पातळी ठरविण्याचे काम भारतीय विधिज्ञ परिषदेकडे, म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आले. परिषदेच्या २००८ च्या नियमांप्रमाणे आज दोन मार्ग आहेत: बारावीनंतर पाच वर्षांचा आणि पदवीनंतर तीन वर्षांचा. दोन्ही मार्गांस आधीच्या परीक्षेत सर्वसाधारण विद्यार्थ्यास किमान ४५ टक्के गुण लागतात. इतर मागासवर्गीयांस ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींस ४० टक्के पुरतात. पत्रव्यवहाराने घेतलेली कायद्याची पदवी वकिलीच्या सनदेस चालत नाही. ज्यांनी दहावी-बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली आहे, त्यांस त्या पदवीवर प्रवेश घेण्यास हे नियम आडवे येतात. अशा विद्यार्थ्यांनी पैसे भरण्यापूर्वीच विद्यापीठाकडून लेखी खुलासा करून घ्यावा.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. कॉलेज निवडण्यापूर्वी विद्यार्थ्याने स्वतःस विचारले पाहिजे: मला कायदा शिकून करावयाचे काय आहे?

ज्याला दर्यापूर, अंजनगाव, अकोट, मूर्तिजापूर अशा तालुक्याच्या न्यायालयात वकिली करावयाची आहे, त्याला अमरावती किंवा अकोल्याचे कॉलेज पुष्कळ झाले, मात्र तेथे त्याने खरोखर शिकले पाहिजे. दर्यापुरातच जे. डी. पाटील सांगळूदकर महाविद्यालयात पदवी घ्यावी आणि मग तीन वर्षांचा अभ्यास अमरावतीस करावा, हा मार्ग खर्चाच्या दृष्टीने हलका आहे. त्याचा आणखी एक फायदा म्हणजे एकविसाव्या वर्षी निर्णय घेणारा मुलगा अठराव्या वर्षीच्या मुलापेक्षा स्वतःला अधिक ओळखत असतो.

ज्याची नजर उच्च न्यायालयाकडे आहे, त्याने नागपूरचा विचार करावा. मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ तेथे आहे आणि अमरावती-अकोल्याची अपिले तेथेच जातात. सकाळी वर्ग आणि दुपारी खंडपीठातील युक्तिवाद, असे दुहेरी शिक्षण त्या शहरात मिळू शकते.

ज्याला मोठ्या कंपन्यांचे काम, आंतरराष्ट्रीय व्यवहार किंवा संशोधन यांची ओढ आहे, त्याने राष्ट्रीय विधी विद्यापीठांची वाट धरावी. १९८० नंतरच्या दशकात बंगळूरला अशा पहिल्या संस्थेने पाच वर्षांच्या सलग शिक्षणाचा पायंडा पाडला. महाराष्ट्राने २०१४ साली कायदा केला आणि मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे अशी विद्यापीठे निघाली. तेथील प्रवेश 'क्लॅट' या अखिल भारतीय परीक्षेने होतो आणि ती परीक्षा इंग्रजीत असते. राज्यातील इतर कॉलेजांसाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा आहे. ती मराठीतूनही देता येते.

काही मुले म्हणतील, आम्हांस न्यायाधीश व्हावयाचे आहे. त्यांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदाच्या परीक्षेस बसण्यापूर्वी किमान तीन वर्षे वकिलीचा अनुभव असावा. तेव्हा पदवी हातात पडताच परीक्षेस बसवून न्यायाधीश करू, असे कोणी जाहिरातीत सांगत असेल, तर हा निर्णय आणि भरतीची ताजी जाहिरात त्याच्यापुढे ठेवावी.

हेतू ठरला की, मग कॉलेज प्रत्यक्ष जाऊन पाहावे. बैलजोडी घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो. वर्षानुवर्षांच्या शिक्षणाची निवड मात्र रंगीत पत्रकावरून करतो! मी सांगतो त्या चार-पाच गोष्टी पाहण्यास एक दिवस पुरतो.

पहिली गोष्ट मान्यतेची. त्या कॉलेजला आणि त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला विधिज्ञ परिषदेची मान्यता चालू वर्षासाठी आहे काय, हे विचारावे. 'मान्यता येणार आहे' हे उत्तर पुरेसे समजू नये.

दुसरी गोष्ट वर्गांची. सत्र चालू असताना, कोणतीही वर्दी न देता, मंगळवारी किंवा बुधवारी अकरा वाजता जावे आणि वर्गात किती मुले बसली आहेत ते मोजावे. परिषदेच्या नियमांत प्रत्येक विषयास सत्तर टक्के उपस्थितीची अट आहे. 'आमच्याकडे हजेरीची कटकट नाही' असे कोणी कौतुकाने सांगितले, तर ते आमंत्रण नसून इशारा आहे, असे समजावे. पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासावर येणारे किती, हेही विचारावे.

तिसरी गोष्ट ग्रंथालयाची. कपाटे कुलुपात आहेत की मुले पुस्तके हाताळीत आहेत? १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रियेचा आणि पुराव्याचा कायदाही बदलला. त्या नव्या संहितांवरील पुस्तके फळीवर आहेत काय, एवढे पाहिले तरी ग्रंथालय जिवंत आहे की नाही ते कळते. निवाड्यांचे संगणकीय संग्रह विद्यार्थ्यांना खुले आहेत काय, हेही पाहावे.

चौथी गोष्ट प्रात्यक्षिकांची. अभ्यासक्रमात दावे-कैफियती लिहिण्याचा आणि अभिरूप न्यायालयाचा भाग सक्तीचा आहे. विद्यार्थ्याने एक दिवाणी व एक फौजदारी खटला न्यायालयात बसून पाहावा आणि त्याची टिपणे ठेवावीत, अशी अपेक्षा आहे. त्याखेरीज तीन वर्षांच्या अभ्यासात किमान बारा आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासात वीस आठवडे वकील, न्यायालये, संस्था यांच्याकडे उमेदवारी करावी लागते. हे सारे कागदावर उरकले जाते की खरोखर होते, ते शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला चहाच्या टपरीवर विचारावे. त्याला म्हणावे, "तू पाहिलेल्या एका उलटतपासणीची हकीकत सांग." तो रंगून सांगू लागला, तर कॉलेज बरे आहे. तो हसून विषय बदलू लागला, तर उत्तर मिळाले!

पाचवी गोष्ट भाषेची, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. १९९८ च्या शासकीय अधिसूचनेने महाराष्ट्रातील तालुका व जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी झाली. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे मुख्यतः इंग्रजीत असतात. म्हणून आपल्या मुलाला दोन्ही भाषा लागतात. निवाडा समजून घेण्यापुरती पक्की इंग्रजी हवी आणि पक्षकाराचे म्हणणे सरळ, नेमके मांडता येईल अशी मराठी हवी. इंग्रजीच्या भीतीने ग्रामीण मुले हा मार्ग सोडतात, हे योग्य नाही. तसेच, इंग्रजी माध्यमाच्या डौलात चार ओळींची कैफियत मराठीत न लिहिता येणे हेही योग्य नाही. कॉलेज या दोहोंकडे लक्ष देते काय, हे पाहावे.

आता पैशाची गोष्ट. आपला हा खारपाणपट्टा. एका कपाशीच्या पिकावर वर्षाचा हिशेब बसविणारी घरे येथे पुष्कळ आहेत. अशा घरांनी हे ध्यानात ठेवावे की, फीच्या बऱ्याचशा शासकीय सवलती व शिष्यवृत्त्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी असतात. घाई करून संस्थेच्या कोट्यातील जागा घेतली, तर त्या सवलतींस मुकण्याचा धोका असतो. कॉलेजची मंजूर फी किती, ते शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहावे आणि प्रत्येक रकमेची पावती घ्यावी.

यापेक्षाही मोठी चूक निराळीच होते. सारा पैसा आपण फीवर खर्च करतो आणि पदवीनंतरच्या वर्षांसाठी काही राखून ठेवीत नाही. पदवीनंतर राज्य विधिज्ञ परिषदेकडे नोंदणी करावी लागते. ही नोंदणी फी पूर्वी हजारोंच्या घरात असे. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, अधिनियमात सांगितल्याप्रमाणे सर्वसाधारण उमेदवाराकडून ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराकडून १२५ रुपये, यांहून अधिक घेता येणार नाही. त्यासोबत अखिल भारतीय विधिज्ञ परीक्षाही उत्तीर्ण व्हावे लागते. येथवर खर्च थोडा आहे. खरी कसोटी पुढेच आहे. ज्येष्ठ वकिलाच्या हाताखालची पहिली दोन-तीन वर्षे जवळजवळ बिनकमाईची असतात. शहरात खोली, जेवण, पुस्तके, काळा कोट हे सर्व घरूनच पुरवावे लागते. ज्या घराने वावर गहाण टाकून महागडे कॉलेज केले, त्या घरचा मुलगा ही वर्षे तग धरू शकत नाही. तो घाईने मिळेल ते काम धरतो, आणि त्या घाईचे मोल पुन्हा तो तिसरा माणूस, पक्षकार, देतो. म्हणून माझा सल्ला असा की, हाताशी असलेल्या पैशाचे दोन वाटे करावेत: एक शिक्षणाचा आणि एक उमेदवारीचा.

यावर कोणी म्हणेल, मोठ्या नावाच्या कॉलेजात ओळखी होतात, संधी मिळतात, त्याचे काय? ते खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. चुणचुणीत मुलांच्या संगतीत मूल घडते. ज्याची तयारी आहे, ज्याला शिष्यवृत्ती मिळते, ज्याचे ध्येय तसे आहे, त्याने अवश्य जावे. गावाने त्याला हौसेने पाठवावे. परंतु केवळ नातेवाइकांत सांगावयास बरे दिसते म्हणून दूरचे सुमार कॉलेज पत्करणे आणि जवळचे चांगले कॉलेज टाकणे, यात शहाणपण नाही. दूरचे ते चांगलेच, हा समज आपण एकदा तपासून पाहिला पाहिजे.

मुलींच्या आईबापांस एक शब्द. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असणे जरूर नाही. तरीही हक्कसोडपत्रावर मुकाट्याने अंगठा देणाऱ्या बहिणी आपण पाहतोच. त्या बहिणींना आपले मन मोकळे करण्यासाठी तालुक्याच्या गावी स्त्री-वकील हवी आहे. मुलीसाठी कॉलेज पाहताना वसतिगृह, एस.टी.ची वेळ यांची चौकशी अवश्य करावी. ती गैरसोयीची निघाली, तर दुसरे कॉलेज शोधावे. मुलीने कायदा शिकण्याचा विचारच सोडून देऊ नये.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटी तुम्हांला एवढेच सांगतो. प्रवेशाला अजून काही आठवडे आहेत. तोवर एक काम करा. आपल्या गावचे न्यायालय उघडे असते; तेथे जाऊन मागच्या बाकावर शांतपणे बसा. पेशीसाठी सकाळपासून ताटकळलेली माणसे पाहा. आपले नाव पुकारले जाताच ती कशी दचकून उठतात आणि आपल्या वकिलाच्या तोंडाकडे कशा नजरेने पाहतात, ते पाहा. त्या नजरेचे ओझे आपल्याला पेलवेल काय, ते स्वतःला विचारा. उत्तर होय आले, तर कॉलेजांची यादी हातात घ्या. प्रत्येक नावासमोर लिहा: येथे शिकून मी त्या माणसाच्या उपयोगी पडेन काय? ज्या नावासमोर होकार लिहिता येईल तेथे प्रवेश घ्या, मग ते अमरावतीचे असो की मुंबईचे.